गुरुजींकडे सारे काही होते, औषध नव्हते

गेल्या महिन्यात काल्हेरचा एक तरुण माझ्या ओपीडीत आला. वय तिशीच्या पुढे, गोडाउनमध्ये माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर देखरेख करणारा. चार महिन्यांपूर्वी त्याला नैराश्यासाठी गोळ्या सुरू केल्या होत्या. हळूहळू झोप लागू लागली, जेवण जाऊ लागले, तो कामावरही जाऊ लागला. बरे वाटताच त्याने गोळ्या एकदम बंद केल्या. त्याऐवजी पहाटे खाडीच्या बाजूला चालायचे, रात्री दुधातून अश्वगंधाचे चूर्ण घ्यायचे असा नेम ठरला. महिनाभरात तो पुन्हा अंथरुणाला खिळला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सोबत त्याचे मामा होते, निवृत्त शिक्षक. गोळ्या बंद करण्याचा सल्ला त्यांचाच. त्यांचे म्हणणे असे, की पूर्वी मन खचले तर माणसे कामाला लागत, निसर्गात रमत, प्रार्थना करत. साने गुरुजींइतके हळवे मन कोणाचे होते? त्यांनी कुठे गोळ्या घेतल्या?

बाहेर साठ-सत्तर रुग्णांची रांग होती. मास्तरांना तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर आज देतो, कारण हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. आणि मास्तरांनी उदाहरणही नेमके निवडले होते, फक्त ते शेवटपर्यंत पाहिले नव्हते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगड गावचा. घराणे खोताचे, पण खोती नावापुरती उरलेली आणि घरात ओढगस्त. मुलाचे सारे विश्व आई यशोदाबाईंभोवती होते. शिक्षणासाठी त्यांना घर सोडावे लागले. दापोली, मग औंध, मग पुणे. कुठे उपाशी राहून, कुठे कोणाच्या आधाराने ते शिकत राहिले. १९१७ मध्ये आई गेली. तेव्हा ते १७ वर्षांचे होते आणि शेवटच्या क्षणी तिच्याजवळ नव्हते. ही खंत त्यांना आयुष्यभर पुरली.

लहान वयात आई किंवा वडील गमावलेल्या प्रत्येकाला पुढे नैराश्य येते असे नाही. बहुतेकांना येत नाही. पण धोका थोडा वाढतो, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. मूळचा स्वभाव, घरातली आनुवंशिकता, बालपणीचे आघात आणि नंतरचे ताण यांची बेरीज होते. कोणा एका गोष्टीला दोष देता येत नाही.

शिक्षण संपवून गुरुजी अमळनेरला आले. आधी तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात आणि १९२४ पासून शाळेत, जी पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुले वर्गात गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत, पसारा आवरत, कपडे धूत. कोणी तापाने पडले तर रात्रभर उशाशी बसत. मुलांसाठी स्वतः लिहून दैनिक काढत. अशी सहा वर्षे गेली. आईच्या जागी आता शेकडो मुले होती.

आजच्या मानसोपचारात एक पद्धत आहे. मन तयार होण्याची वाट न पाहता दिवसाची छोटी, ठरलेली, अर्थपूर्ण कामे हाती घ्यायची. काम आधी, उत्साह मागून. सौम्य आणि मध्यम नैराश्यात तिचा चांगला उपयोग होतो, हे अभ्यासांनी दाखवले आहे. गुरुजी हे नकळत जगत होते. म्हणजे मास्तर इथपर्यंत बरोबर होते.

१९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. मग तुरुंगवास सुरू झाला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. फेब्रुवारी ते जून अशी १८ प्रवचने झाली. ती लिहून घेतली गुरुजींनी. आज घरोघरी असलेले ते पुस्तक त्यांच्या लेखणीमुळे आपल्यापर्यंत आले. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. आई जाऊन १५ वर्षे उलटली होती. ते दुःख त्यांनी कागदावर उतरवले, आणि मराठी मुलांच्या किती पिढ्या त्यावर वाढल्या.

दुःखाविषयी मोकळेपणाने लिहिल्याने काही जणांना आराम पडतो. मानसशास्त्रज्ञांनी याचाही अभ्यास केला आहे. फायदा मोठा नसतो, पण असतो. सत्संगाचेही तसेच. माणसांत बसणे, सामुदायिक प्रार्थना, गाणे या गोष्टी एकटेपणा कमी करतात, आणि एकटेपणा हा नैराश्याचा जुना सोबती आहे.

तरीही गुरुजींच्या मनावरचे मळभ पुरते गेले नाही. त्यांच्या कवितांतून, पत्रांतून आणि सहकाऱ्यांच्या आठवणींतून ते पुन्हा पुन्हा डोकावते. स्वतःला अपुरे समजणे, आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असे वाटणे, अश्रू अनावर होणे. ज्या माणसाचा उपयोग अख्ख्या महाराष्ट्राला होत होता, त्याला असे वाटत होते. लोकांनी त्याला हळवेपणा म्हटले. काहींनी त्यांच्या रडण्याची थट्टाही केली. मी त्यांना तपासलेले नाही, त्यामुळे ७५ वर्षांनंतर निदानाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार मला नाही. पण अशी लक्षणे घेऊन कोणी आज माझ्यासमोर बसले, तर मी त्याला स्वभाव म्हणून सोडून देणार नाही.

बाहेरचे काम मात्र थांबले नव्हते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू केले. दहा दिवसांनी त्याला यश आले. पुढच्या जानेवारीत गांधीजींची हत्या झाली. गुरुजी आतून हलले आणि त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतातल्या भाषा एकमेकींना भेटाव्यात म्हणून ‘आंतरभारती’चे स्वप्न मांडले. शेवटच्या काळात पुतणी सुधाला ते पत्रे लिहीत होते. त्यांत झाडे आहेत, फुले आहेत, पाखरे आहेत, आभाळ आहे.

११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. वय अवघे ५०. कसे, ते सांगण्याची इथे गरज नाही.

आता मास्तरांच्या प्रश्नाकडे येऊ. निसर्ग, सेवा, प्रार्थना, गाणे, लेखन, मुलांचा सहवास. आज नैराश्यावरचे नैसर्गिक उपाय म्हणून जी यादी सांगितली जाते, ती सगळी गुरुजींकडे होती. तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी भरभरून होती. त्या उपायांनी त्यांना अनेक वर्षे तारले असेल, असे मला वाटते. पण शेवटी ते पुरले नाहीत. हा ना गुरुजींच्या श्रद्धेचा पराभव, ना त्यांच्या मनाचा दुबळेपणा. आजार एका पातळीच्या पुढे गेला की एवढ्यावर भागत नाही.

त्यांनी गोळ्या का घेतल्या नाहीत? कारण तेव्हा नैराश्यावरच्या गोळ्या नव्हत्याच. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका क्षयरोग रुग्णालयात इप्रोनायझिड हे औषध घेणाऱ्या रुग्णांची मरगळ जाऊन ते उत्साही झालेले दिसले. १९५७ मध्ये ते नैराश्यासाठी वापरात आले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधले डॉ. रोलँड कून यांनी इमिप्रामिनचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुरुजी जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. विजेचे उपचार १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झाले होते, पण सामान्य माणसाच्या मनात मानसोपचार म्हणजे मनोरुग्णालयच. खाडीपलीकडचे ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. आपल्या भागात ‘ठाण्याला न्या’ हा शब्दप्रयोग अजूनही टिंगलीचा आहे. अशा काळात खिन्नतेसाठी डॉक्टरकडे कोण जाणार?

औषध असते तर गुरुजी वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्यापुढे जो पर्याय नव्हता, तो आपल्यापुढे आहे. तो नाकारताना त्यांचा दाखला देऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हाही एक गैरसमज आहे. गुरुजी हयात असतानाच, १९४९ मध्ये, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि ही वनस्पती जगभर पोहोचली. पुढे तिच्यातले रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत औदासीन्य आल्याच्या नोंदी झाल्या. त्या नोंदींवर नंतर वाद झाला, पण मेंदूतल्या रसायनांचा आणि नैराश्याचा संबंध शोधायला त्यांनी मोठी चालना दिली. सेंट जॉन्स वर्ट ही परदेशी वनस्पती सौम्य नैराश्यात उपयोगी दिसली आहे. पण ती गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम कमी करते, आणि नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घेतली तर धोका होऊ शकतो. अश्वगंधेने क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. काहीही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. आम्ही रागावत नाही.

मग करायचे काय? उदासी सौम्य असेल, रोजची कामे होत असतील, तर पहिल्या दिवसापासून गोळ्या लागतातच असे नाही. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे, ठरलेल्या वेळी झोप, सकाळचे ऊन, दारू पूर्ण बंद आणि समुपदेशन. इथून सुरुवात करता येते. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यावे, कारण त्यांच्या कमी-जास्त होण्यानेही मरगळ येते.

पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, काम सुटले असेल, तर डॉक्टरांकडे जा. आपण नकोसे झालो आहोत किंवा जगू नये असे वाटत असेल, तर त्याच दिवशी जा. गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटल्यावरही किमान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होते आणि आजार उलटू शकतो. बंद करायच्याच असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

त्या तरुणाच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. खाडीकाठचे चालणे मी बंद करायला सांगितलेले नाही. उलट मास्तरांना सांगितले, की रोज पहाटे तुम्हीही त्याच्यासोबत जा. तो बोलला तर ऐका, गप्प राहिला तर नुसते सोबत चाला. गेल्या आठवड्यात दोघे आले. तरुणाला पाच-सहा तास झोप लागते आहे. अजून कामावर गेलेला नाही, पण या वेळी गोळ्यांचे पाकीट मास्तरांच्या खिशात होते.

तुमच्या घरात कोणी असे गप्प झाले असेल, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. गुरुजींच्या काळात असा क्रमांक नव्हता.