हजार तासांचे कोरीवकाम

कोरीव भांड्याला झिलई कोणती द्यावी, हा प्रश्न किती अवघड आहे ते मला ॲडिलेड रोबिनो यांच्या चरित्रावरून कळले. या अमेरिकन कलावतीचा जन्म १८६५ चा. आरंभी रोबिनोबाई इतरांनी घडवलेल्या चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रे रंगवीत. पुढे घडण, झिलई, भट्टी सारेच त्यांनी स्वतःच्या हाती घेतले. स्फटिकांची नक्षी उमटणारी झिलई त्या साध्या, गुळगुळीत भांड्यांना देत. कारण जाड, ओघळणारी झिलई कोरलेल्या रेषा बुजवून टाकते.

१९१० मध्ये युनिव्हर्सिटी सिटी या गावी त्यांनी ‘स्कॅरॅब’ कलश कोरला. त्यासाठी सुमारे हजार तास लागले. शेणकिड्यांच्या त्या नाजूक नक्षीसाठी त्यांनी फिकट झिलई निवडली. पण पहिल्याच भाजणीत कलशाला तडे गेले! बाईंनी पोर्सेलिनची पूड करून ते भरले, पुन्हा झिलई दिली आणि कलश पुन्हा भट्टीत ठेवला. बाहेर आला तेव्हा तडे दिसेनासे झाले होते. १९११ मध्ये तूरिनच्या प्रदर्शनात त्यांच्या कामाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये त्या निवर्तल्या.

मित्रहो, झिलईने कोरीवकाम झाकू नये, उजळावे, एवढे मी त्यांच्याकडून शिकलो. हजार तास पणाला लावून पुन्हा भट्टी पेटवण्याचे धैर्य मात्र ज्याचे त्यानेच कमवायचे.