रँग्लर परांजपे आणि पंच्याहत्तर रुपये

मे-जून महिना आला की इथल्या मराठी घरांत एकच विषय असतो, बारावीनंतर मुलांना कुठे पाठवायचं? आखातात कितीही वर्षं काढली तरी हा प्रश्न काही चुकत नाही. कुणी 'डासा'तून भारतात एनआयटीला अर्ज करतो, कुणी इंग्लंड-कॅनडाची फी दिरहममध्ये आणि मग रुपयांत मांडून बघतो, तर कुणी इथेच उघडलेल्या परदेशी विद्यापीठाच्या शाखेचं माहितीपत्रक घेऊन येतो. पैशांचा हिशेब निदान कागदावर तरी करता येतो. खरी अडचण असते ती प्रतिष्ठेची. अमक्याचा मुलगा लंडनला गेला आणि आपला पुण्यात, हे सांगताना आवाज आपोआप खाली येतो. त्यात पुण्यातल्या पुण्यात पुन्हा कॉलेजांची उतरंड आहेच!

मी स्वतः महाराष्ट्रातल्या एका साध्या कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअर झालो. आयटीत इतकी वर्षं काढल्यावरही एका नव्या क्लायंटने पहिला प्रश्न विचारला तो कॉलेजचा, कामाचा नंतर. त्यामुळे हा विषय निघाला की माझे कान जरा जास्तच टवकारतात. यंदाच्या अंकासाठी म्हणूनच मी अशा एका माणसाबद्दल लिहायचं ठरवलं, ज्याच्याकडे जगातला सगळ्यात मोठा शिक्का होता आणि तरी त्याने आयुष्याची उमेदीची वर्षं गावातल्या कॉलेजाला दिली. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, म्हणजेच रँग्लर परांजपे.

आपल्या पिढीला त्यांची ओळख करून द्यायची तर 'स्पर्श', 'चश्मे बद्दूर', 'कथा' या चित्रपटांच्या दिग्दर्शिका सई परांजपे यांचे ते आजोबा. पण शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही हे नाव ठाऊक होतं.

त्यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डी गावचा. आंजर्ल्याजवळचं हे छोटंसं कोकणी गाव. महर्षी धोंडो केशव कर्वे नात्यातले, वयाने अठरा वर्षांनी मोठे. त्यांच्या आधाराने हा हुशार मुलगा मुंबईच्या मराठा हायस्कूलमध्ये शिकला आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आला.

आज फर्ग्युसन म्हटलं की आपण आदराने बोलतो. पण रघुनाथ तिथे शिकत होता तेव्हा कॉलेज सुरू होऊन जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती. १८८५ साली काढलेलं, पदरात फार पैसा नसलेलं, सरकारी डेक्कन कॉलेजच्या शेजारी अगदीच नवखं. म्हणजे आजच्या भाषेत ज्याला 'ब्रँड' म्हणतात तो तेव्हा नव्हताच. पण शिकवायला कोण होतं बघा. प्राचार्य गोपाळ गणेश आगरकर. गोपाळ कृष्ण गोखले, ज्यांचं अंकगणिताचं पुस्तक पुढे कितीतरी शाळांत चाललं. आणि टिळक सोडून गेल्यावर १८९१ पासून गणिताला खुद्द कर्वे. यांपैकी कुणाकडेही परदेशी पदवी नव्हती. आगरकर डेक्कन कॉलेजचे, गोखले आणि कर्वे एल्फिन्स्टनचे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून तुटपुंज्या पगारावर वीस-वीस वर्षं शिकवायचं व्रत घेतलेली ही माणसं.

फर्ग्युसनमधून पदवी घेऊन परांजप्यांनी भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि १८९६ साली ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले.

इथे थोडं 'रँग्लर' या शब्दाबद्दल. केंब्रिजच्या गणिताच्या पदवी परीक्षेला 'ट्रायपॉस' म्हणतात. त्यात पहिल्या वर्गात येणाऱ्याला 'रँग्लर' म्हणत आणि त्या काळी या सगळ्यांचे क्रमांक जाहीर होत. पहिला आला तो 'सीनियर रँग्लर'. इंग्लंडमध्ये या नावाला एवढं वजन होतं की वर्तमानपत्रांत फोटो छापून यायचे. खास खासगी शिक्षक लावून, वर्षानुवर्षं जुन्या प्रश्नपत्रिका घोटून मुलं तयारी करत. म्हणजे क्लास लावायची पद्धत आपण शोधली असं जे आपल्याला वाटतं, ते तितकंसं खरं नाही!

१८९९ साली या परीक्षेत परांजपे पहिले आले. जॉर्ज बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर त्यांना हा मान विभागून मिळाला. सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. ही बातमी हिंदुस्थानात पोचली तो काळ लक्षात घ्या. पुण्यात दोनच वर्षांपूर्वी प्लेगने थैमान घातलं होतं, रँडचा खून झाला होता, टिळक तुरुंगात जाऊन आले होते. हिंदी माणसाची बुद्धी कमी प्रतीची, हे राज्यकर्त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. पगारातही तोच भेद. १८८५ साली जगदीशचंद्र बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले तेव्हा त्यांना गोऱ्या प्राध्यापकापेक्षा कमी पगार देऊ केला गेला, म्हणून त्यांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही. अशा वातावरणात इंग्रजांच्या घरात जाऊन, इंग्रजांच्याच परीक्षेत पहिलं येणं म्हणजे काय असेल याची कल्पना करा.

आता यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९०१ साली सेंट जॉन्सने त्यांना फेलो म्हणून निवडलं. सरकारी शिक्षण खात्यात मोठ्या पगाराची जागा मिळणं अवघड नव्हतं. पण ते पुण्याला परतले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. पगार महिना पंच्याहत्तर रुपये. ज्या संस्थेने शिकवलं तिथेच शिकवायचं. १९०२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि पुढची वीसहून अधिक वर्षं त्यांचं नाव आणि कॉलेजचं नाव एकमेकांपासून वेगळं काढता येत नव्हतं. प्राचार्य झाल्यावर ते केबिनमध्ये बसून राहिले नाहीत, गणित शिकवत राहिले.

त्यांना देव्हाऱ्यात बसवायचा माझा विचार नाही. सेंट जॉन्सची फेलोशिप १९०७ पर्यंत त्यांच्याकडे होती, तेव्हा अगदी हलाखीचं चित्र रंगवण्याचं कारण नाही. राजकारणात ते मवाळ, गोखल्यांच्या वळणाचे. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी केल्याबद्दल विनायक सावरकर या विद्यार्थ्याला त्यांनी दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. त्यावर पुण्यात केवढं काहूर उठलं! टिळकांनी कडक टीका केली. हाच विद्यार्थी पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेला, हीही एक गंमतच. पुढे असहकाराच्या काळात मुलांनी शाळा-कॉलेजं सोडावीत हे परांजप्यांना मान्य झालं नाही, आणि १९२१ साली ते मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. अनेकांना ते इंग्रजधार्जिणे वाटत. मात्र त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात, १९२३ साली, मुंबई प्रांतात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, हेही त्याच खात्यावर मांडायला हवं. केंब्रिजला पहिला आलेला माणूस खेड्यातल्या पहिलीच्या वर्गाचा विचार करत होता.

त्यांच्या आयुष्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट १९१६ सालची आहे. कर्व्यांनी त्या वर्षी पुण्यात महिला विद्यापीठ काढलं. शिक्षण मातृभाषेतून. सरकारी मान्यता नाही, इमारती नाहीत, विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. विद्वान मंडळी हसत होती की या पदवीला विचारणार कोण? या विद्यापीठाचे पहिले कुलपती झाले डॉ. रा. गो. भांडारकर, आणि पहिले कुलगुरू रँग्लर परांजपे. आपल्याकडे मोठं नाव आहे तर ते अशा ठिकाणी खर्च करावं जिथे त्याची गरज आहे, असा साधा व्यवहार त्यामागे दिसतो. हेच विद्यापीठ नंतर एसएनडीटी झालं, आणि सरकारी मान्यता मिळायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं.

आता याच्या शेजारी केंब्रिज ठेवून बघा. १८९० साली फिलिपा फॉसेट या तरुणीने गणिताच्या त्याच परीक्षेत सीनियर रँग्लरपेक्षा जास्त गुण मिळवले होते, पण ती स्त्री असल्यामुळे तो किताब तिला दिला गेला नाही. परांजप्यांची मुलगी शकुंतला फर्ग्युसननंतर केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकली, तेव्हाही ते विद्यापीठ स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीची पदवी देत नव्हतं. तो अधिकार मिळाला १९४८ साली! म्हणजे जगातल्या सर्वोत्तम विद्यापीठाने जे देण्याचं नाकारलं, ते पुण्यातलं एक बिनमान्यतेचं विद्यापीठ १९१६ पासून देत होतं. 'दर्जा' हा शब्द उच्चारताना तो कशाचा, हे विचारायला हवं ते यासाठी.

सीनियर रँग्लर या किताबाचंही पुढे काय झालं बघा. नुसतं क्रमांकासाठी घोटून घेणं म्हणजे गणित नव्हे, अशी ओरड केंब्रिजमध्येच सुरू झाली. जी. एच. हार्डी त्यात आघाडीवर. तो स्वतः १८९८ साली चौथा रँग्लर. क्रमवारी जाहीर करायची पद्धत १९०९ नंतर बंदच झाली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल आणि लॉर्ड केल्व्हिन हे दोघंही दुसरे आलेले, पहिले नाहीत. आणि ज्या हार्डीने क्रमवारीविरुद्ध लढा दिला त्यालाच १९१३ साली मद्रासहून एका कारकुनाचं पत्र आलं. कॉलेजच्या परीक्षेत नापास झालेला तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. हार्डीने पत्रातलं गणित वाचलं, गुणपत्रिका मागितली नाही.

परांजप्यांनी स्वतः गणितात मोठं संशोधन केलं नाही. शिकवण्यात आणि संस्था चालवण्यात सगळा वेळ गेला. केंब्रिजला राहिले असते तर मोठे गणिती झाले असते का? या प्रश्नाचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. पण एक हिशेब मांडता येतो. १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त, आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी, १९५६ साली, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. ज्या गावात शिकायला आले त्याच गावाच्या विद्यापीठाची धुरा त्यांनी तीन वर्षं सांभाळली. ६ मे १९६६ रोजी ते गेले, नव्वद वर्षांचे होऊन.

एवढं सगळं केलं, पण लोकांनी नाव काय लावलं? रँग्लर! फर्ग्युसनची वीसेक वर्षं, महिला विद्यापीठ, सक्तीचं शिक्षण, हे सगळं मागे पडलं आणि तेविसाव्या वर्षी दिलेली परीक्षा आयुष्यभर नावापुढे चिकटली. आपण मराठी माणसं शिक्क्यावर किती प्रेम करतो याचा यापेक्षा चांगला पुरावा मला सापडला नाही.

माझं म्हणणं परदेशी जाऊ नका असं मुळीच नाही. आपण सगळेच घर सोडून आलेलो आहोत, आणि परांजपेही केंब्रिजला गेलेच की. तिथे गेले नसते तर त्यांच्या शब्दाला ते वजन आलं नसतं. पण कर्वे-गोखले नसते तर ते केंब्रिजपर्यंत पोचलेच नसते, हेही तितकंच खरं. मुलांबरोबर अर्ज भरायला बसाल तेव्हा रँकिंगची यादी जरूर बघा. फक्त तिच्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा. तिथे शिकवणार कोण आहे? आणि शिकून झाल्यावर तो शिक्का कुणाच्या उपयोगी पडणार आहे? यांची उत्तरं समाधानकारक असतील तर कॉलेज लंडनचं असो, पुण्याचं असो की सोलापूरचं, पुढच्या गणेशोत्सवात त्याचं नाव खुशाल मोठ्याने सांगा.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा, आणि बारावीच्या मुलांना जरा जास्तच!