मिऱ्यांच्या पाण्यातली दुनिया

मैत्रिणींनो, अकरावीच्या पुस्तकातले जिवाणू आणि प्रोटिस्टा मुलं घोकत असतात ना, ते जीव आधी कुणी पाहिले ठाऊक आहे? एका कापड दुकानदारानं! अँटोनी व्हॅन ल्युवेनहॉक, हॉलंडमधल्या डेल्फ्टचा, जन्म १६३२. कॉलेज नाही, लॅटिन नाही. भिंगं मात्र स्वतः घडवायचा.

मिरी तिखट का लागते, म्हणून त्यानं मिरे पाण्यात भिजत घातले. (आपण रोज फोडणीत टाकतो, पण असा प्रश्न मला काही कधी पडला नाही!) तिखटपणाचं कोडं राहिलं बाजूला, १६७६ मध्ये त्या पाण्यात इवलेसे जीव वळवळताना दिसले. लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, तर तिथं विश्वासच बसेना. बिचाऱ्यानं गावातल्या पाद्र्यांना, प्रतिष्ठितांना दाखवून त्यांच्या साक्षी धाडल्या. १६७७ मध्ये रॉबर्ट हूकनं स्वतः तसंच पाणी तपासलं, तेव्हा कुठं पटलं.

त्याच्या लेखी ते सगळे छोटे प्राणीच. आज केंद्रक असलेले ते प्रोटिस्टा, नसलेले ते जिवाणू. दिसायला जिवाणूंसारखेच असलेले आर्किया मात्र भिंगातून ओळखू येत नाहीत. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये आरएनए ताडून ते वेगळे काढले.

मला अप्रूप त्याच्या लेकीचं, मारियाचं. लग्न न करता ती त्याच्याजवळ राहिली. १७२३ मध्ये, नव्वदीत तो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक तिनं लंडनला पाठवले. पुढं ते तिथून हरवले.