कोयनेलच्या नळीत न दिसणारा प्रकाश पकडणारे जॉर्ज स्टोक्स

मलेरियावरचं कडूजहर कोयनेल आठवतंय? त्याच कोयनेलमुळं एका माणसाला न दिसणारा प्रकाश सापडला. आज जिवंत पेशीतलं एकेक प्रोटीन बघता येतं, त्याचा पाया तिथंच पडला.

जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांचा जन्म १८१९ चा, आयर्लंडमधल्या स्क्रीन गावातला. वडील धर्मगुरू. १८४१ मध्ये ते केंब्रिजला गणितात पहिले आले आणि ३० व्या वर्षी, एकेकाळी न्यूटन यांच्याकडं असलेल्या प्राध्यापकपदावर बसले. मरेपर्यंत ते पद त्यांच्याकडंच होतं.

कोयनेलच्या स्वच्छ द्रावणात उन्हानं निळसर चमक येते, हे जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्येच सांगितलं होतं. पण कारण उलगडलं नव्हतं.

स्टोक्स यांनी अंधाऱ्या खोलीत फटीतून ऊन घेतलं, लोलकानं त्याचे रंग वेगळे केले आणि कोयनेलची काचनळी एकेका रंगातून सरकवत नेली. लाल, पिवळा, हिरवा, काहीच झालं नाही. जांभळ्याच्या पलीकडं, जिथं डोळ्यांना नुसता अंधार होता, तिथं मात्र नळी निळी उजळली!

म्हणजे द्रावण अतिनील किरण गिळतं आणि जास्त तरंगलांबीचा, दिसणारा प्रकाश बाहेर टाकतं. १८५२ च्या या शोधाला स्टोक्स यांनी फ्लोरस्पार या खनिजावरून फ्लोरेसन्स हे नाव दिलं. दोन प्रकाशांमधल्या या फरकाला आज स्टोक्स शिफ्ट म्हणतात.

मायक्रोस्कोपखाली हाच फरक कामी येतो. प्रोटीनला चमकणारा नॅनोकण चिकटवायचा, त्यावर एका रंगाचा प्रकाश मारायचा आणि तोच रंग फिल्टरनं अडवायचा. मग दिसतो फक्त कणाचा स्वतःचा प्रकाश.

पण कण मोठा झाला तर प्रोटीनची चाल मंदावू शकते. द्रवातून जाणाऱ्या गोळ्याला किती अडथळा होतो, याचं सूत्रही स्टोक्स यांचंच, १८५१ चं. पुढं १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी द्रवातल्या सूक्ष्म कणांची हालचाल समजावताना ते वापरलं.

स्टोक्स मात्र १८५४ पासून ३१ वर्षं रॉयल सोसायटीचे सचिव राहिले. दुसऱ्यांचे शोधनिबंध तपासण्यात आणि पत्रं लिहिण्यात त्यांचं स्वतःचं संशोधन मागं पडलं.

१ फेब्रुवारी १९०३ ला ते गेले. त्यानंतर १०० वर्षांनी, २००३ मध्ये, पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी जिवंत चेतापेशींवर क्वांटम डॉट नावाचे नॅनोकण चिकटवले आणि एकेका ग्लायसिन रिसेप्टर प्रोटीनची हालचाल टिपली.