शिळेवर कोरलेला पश्चात्ताप

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोक 'अजब बंगला' या नावाने ओळखतात. इ. स. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक या गावाहून आणलेली एक मोठी शिळा आहे. तिच्यावर निरनिराळ्या काळांतील दोन लेख कोरलेले आहेत. त्यांपैकी जुन्या लेखात एक राजाज्ञा आहे: प्राण्यांना कोणी पकडू नये व मारू नये. हा लेख सम्राट अशोकाच्या काळातील असावा, असे मत नागपूरचे थोर इतिहाससंशोधक महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मांडले आहे. ज्या राजाने एका युद्धात लक्षावधी माणसांचे संसार धुळीस मिळविले, त्याच्याच राज्यात पुढे मुक्या जनावरांच्या जिवाचीही काळजी वाहिली जाऊ लागली. हा पालट कसा घडला, हीच अशोकाच्या जीवनाची कथा आहे.

अशोक हा मौर्य वंशातील तिसरा राजा. त्याचा आजा चंद्रगुप्त याने पराक्रमाच्या बळावर मोठे साम्राज्य स्थापन केले व बाप बिंदुसार याने ते सांभाळले आणि वाढविले. गंगेच्या काठचे पाटलिपुत्र, म्हणजे आजचे पाटणा, ही या साम्राज्याची राजधानी होती. तरुणपणी अशोकाने उज्जयिनीस राहून त्या प्रांताचा कारभार पाहिला होता, असे बौद्ध ग्रंथ सांगतात. इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास त्याला राज्याभिषेक झाला. वायव्येस अफगाणिस्तानापासून दक्षिणेस कर्नाटकापर्यंतचा विस्तीर्ण प्रदेश त्याच्या सत्तेखाली होता. आपला महाराष्ट्रही त्यात मोडत असे.

परंतु पूर्व समुद्राच्या काठी कलिंग नावाचा एक देश अजून स्वतंत्र होता. आजच्या ओडिशातील किनाऱ्याचा प्रदेश तो हाच. तेथील माणसे शूर व स्वाभिमानी होती आणि तेथील गजदळाची ख्याती दूरवर पसरलेली होती. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी अशोकाने या देशावर स्वारी केली. कलिंगाच्या वीरांनी शर्थीने लढा दिला. पण मौर्यांच्या अफाट सैन्यापुढे त्यांचा निभाव लागला नाही. कलिंग पडले. अशोकाला विजय मिळाला.

त्या विजयाची किंमत भयंकर होती. एक लक्ष माणसे रणात मारली गेली आणि दीड लक्ष माणसांना देशोधडीला लावण्यात आले. युद्धामागून येणाऱ्या हालअपेष्टांनी याच्या कितीतरी पट माणसे मृत्युमुखी पडली. हे आकडे कोणा शत्रूने सांगितलेले नाहीत. ते खुद्द अशोकानेच लिहवून ठेवले आहेत.

त्या काळचे राजे विजय मिळाला म्हणजे आपल्या पराक्रमाचे पोवाडे गाववीत. अशोकाने तसे केले नाही. त्याच्या मनाला विलक्षण टोचणी लागली. युद्धात केवळ सैनिकच मरतात असे नाही. ज्याचा लढाईशी काही संबंध नाही, आईबापांची सेवा करून सरळपणे जगतो, अशा माणसाचाही घात होतो. जो स्वतः वाचतो, त्याचे आप्त व मित्र नाहीसे झालेले असतात. हे सारे दुःख आपल्यामुळे निर्माण झाले, हे अशोकाने ओळखले. आणि ओळखून तो गप्प राहिला नाही. आपली खंत त्याने खडकांवर कोरवून घेतली. ताडपत्र किंवा भूर्जपत्र नष्ट झाले असते, खडक टिकतो. साऱ्या जगाने आणि आपल्या मुलानातवंडांनी ती वाचावी व पुन्हा शस्त्राने देश जिंकण्याचा हव्यास धरू नये, अशी त्याची इच्छा होती.

हे लेख संस्कृतात नसून लोकांच्या प्राकृत भाषेत आहेत. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी, हिमालयाच्या कुशीत कालसी येथे आणि दूर वायव्येस शाहबाजगढी येथे कलिंगाच्या पश्चात्तापाचा लेख सापडला आहे. कंदाहारकडे तर त्याचा काही भाग ग्रीक भाषेतही कोरलेला आढळला. महाराष्ट्रात सोपारा येथे अशोकाच्या लेखांचे तुकडे मिळाले. त्यांपैकी पहिला इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी शोधून काढला.

ज्या कलिंगात हा संहार झाला, तेथे मात्र वेगळेच आढळते. भुवनेश्वरजवळ दया नदीच्या काठी धौली नावाची टेकडी आहे. कलिंगाची लढाई याच परिसरात झाली, असे परंपरेने मानले जाते. तेथील खडकावर मेलेल्यांचे आकडे कोरलेले नाहीत. ज्यांचे आप्त गेले, त्यांच्या डोळ्यांपुढे ते आकडे मांडून जखमेवरची खपली काढू नये, असा यामागे हेतू असावा, असे काही विद्वानांना वाटते. त्याऐवजी तेथे अधिकाऱ्यांना उद्देशून आज्ञा आहे. सर्व माणसे राजाला आपल्या मुलांसारखी आहेत. म्हणून कोणालाही विनाकारण बंदीत टाकू नये, कोणाचा छळ करू नये. आळस, राग व उतावळेपणा टाकून न्याय द्यावा, असा तिचा आशय आहे. तिष्य, म्हणजे पुष्य नक्षत्राच्या दिवशी ती लोकांना वाचून दाखविली जावी, असेही तीत सांगितले आहे.

त्या लेखाच्या वरच्या बाजूस खडकातूनच एक हत्ती कोरून काढलेला आहे. त्याचे मस्तक, सोंड व पुढचे पाय तेवढे दिसतात. जणू तो कातळातून हळूहळू बाहेर येत आहे. कलिंगाच्या रणात हत्ती माणसांना पायांखाली तुडवीत धावले असतील. येथील हत्ती शांतपणे उभा आहे. भारतातील खडकात कोरलेल्या अतिप्राचीन शिल्पांत त्याची गणना होते. रक्तपाताची आठवण असलेल्या भूमीवर अशोकाने विजयस्तंभ उभारला नाही. न्यायाचे वचन आणि हे सौम्य शिल्प ठेवले.

यापुढे अशोकाने आपली सत्ता लोककल्याणाकडे वळविली. रस्त्यांच्या कडेने वडाची झाडे लावली, आमराया उठविल्या, विहिरी खोदविल्या. माणसांसाठी व जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या, तेथे त्या आणवून लावल्या. राजाच्या पाकशाळेत पूर्वी असंख्य प्राण्यांची हत्या होत असे. तीही त्याने जवळजवळ बंद केली. तो स्वतः बुद्धाच्या धर्माचा उपासक झाला. तरी सर्व पंथांचा मान राखावा व दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, असे तो प्रजेला सांगत असे. लोकांना सदाचरणाचा मार्ग दाखविण्यासाठी त्याने धर्ममहामात्र नावाचे अधिकारी नेमले. युद्धाच्या नगाऱ्यांचा आवाज आता धर्माचा आवाज झाला आहे, अशा अर्थाचा मजकूर त्याच्या एका लेखात आढळतो.

अशोक राजा होता. संन्यासी झाला नव्हता. त्याने सैन्य मोडले नाही व जिंकलेले कलिंगही परत केले नाही. देहान्ताची शिक्षाही त्याने रद्द केली नाही. मात्र अपराध्यास तीन दिवसांची मुदत दिली. जे घडले ते पुसून टाकणे त्याच्या हाती नव्हते. पण आपण चुकलो, हे जिंकणाऱ्यानेच सर्वांसमक्ष कबूल करावे, असे जगाच्या इतिहासात फार थोड्या वेळा घडले आहे.

इ. स. पूर्व २३२ च्या सुमारास अशोक मरण पावला. काही पिढ्यांनी मौर्यांचे राज्य लयास गेले. लोक ती ब्राह्मी लिपीही विसरले. गुराखी त्या खडकांच्या सावलीत बसत; पण त्यांवर काय लिहिले आहे, ते कोणालाच ठाऊक नव्हते. अखेर इ. स. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप या इंग्रज विद्वानाने त्या लिपीचा उलगडा केला आणि शतकानुशतके मुके असलेले खडक बोलू लागले. लेखांत राजाचे नाव देवानांप्रिय प्रियदर्शी असे येई. इ. स. १९१५ मध्ये कर्नाटकातील मस्की येथे सापडलेल्या लेखात अशोक हे नाव आढळले आणि प्रियदर्शी तो अशोकच, याविषयी शंका उरली नाही.

सारनाथ येथे अशोकाने उभारलेला स्तंभ कालांतराने मोडून पडला होता. उत्खननात त्याचे तुकडे व चार सिंहांचे शीर्ष मिळाले. तेच सिंह २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राजमुद्रा झाले. त्याआधीच, १९४७ साली, तेथील चक्र राष्ट्रध्वजावर विराजमान झाले होते. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. ते स्थळ दीक्षाभूमी म्हणून ओळखले जाते.

त्याच नागपुरात देवटेकची ती शिळा आहे. तिच्यावर तलवारीचे वा विजयाचे चित्र नाही. दुबळ्या जिवांना अभय देणाऱ्या काही ओळी तेवढ्या आहेत. अशोकाचे साम्राज्य कधीच नाहीसे झाले. दगडांवरची ही अक्षरे मात्र अजून वाचता येतात.