शिशाचे सैनिक आणि एच. जी. वेल्स

कालयंत्र, अदृश्य माणूस आणि पृथ्वीवर चाल करून येणारे मंगळवासी यांच्या कथा लिहिणारा इंग्रज लेखक म्हणून एच. जी. वेल्स जगाला ठाऊक आहे. मात्र याच लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे एक छोटेखानी पुस्तक लिहिले आणि शिशाच्या सैनिकांनी घरातल्या जमिनीवर लढाई कशी खेळावी याचे नियम त्यात सांगितले, हे फार थोड्यांना माहीत असते. आज जगभर टेबलावर चिमुकल्या मूर्ती मांडून जे युद्धखेळ खेळले जातात, त्यांची वंशावळ या पुस्तकापर्यंत मागे जाते. पुस्तक निघाले आणि पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. युद्धाला खेळात कोंडू पाहणारा हा माणूस खऱ्या युद्धाचा पाठीराखा झाला आणि उरलेले आयुष्य त्या चुकीचा हिशेब चुकता करीत राहिला.

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी केंट परगण्यातील ब्रॉमली येथे झाला. वडील जोसेफ चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचे साहित्य विकणारे छोटे दुकानदार होते. दुकान जेमतेम चाले. घराला खरा आधार होता तो त्यांच्या व्यावसायिक क्रिकेटचा. १८६२ मध्ये केंटकडून खेळताना त्यांनी ससेक्सविरुद्ध लागोपाठच्या चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. आई सेरा लग्नापूर्वी एका जमीनदाराच्या वाड्यात दासी होती. १८७४ मध्ये लहानग्या बर्टीचा पाय मोडला. अंथरुणावर पडून असलेल्या मुलासाठी वडील पुस्तके आणू लागले आणि त्याला वाचनाचे वेड लागले ते कायमचे. तीन वर्षांनी वडिलांचाही पाय मोडला. त्यांचे क्रिकेट संपले, घराची मिळकत आटली आणि मुलांना कामाला लावण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

आई पुन्हा वाड्यावर कारभारीण म्हणून रुजू झाली आणि बर्टीची रवानगी साउथसी येथील एका कापड दुकानात उमेदवार म्हणून झाली. दिवसाचे तेरा तास काम आणि रात्री इतर उमेदवारांसोबत एका सामायिक खोलीत झोप, असे हे जिणे होते. दोन वर्षांनी त्याने बंड केले, आईला गळ घातली आणि शाळेत सहशिक्षकाची नोकरी मिळवली. १८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनला विज्ञान शिकू लागला. डार्विनचा कडवा पुरस्कर्ता टी. एच. हक्सले तेथे त्याला जीवशास्त्र शिकवायला होता. निसर्गात कोणत्याही प्राण्याचे भवितव्य सुरक्षित नाही, मनुष्यप्राण्याचेही नाही, ही जाणीव त्या वर्गात त्याच्या मनात रुजली. त्याच्या पुढच्या बहुतेक लेखनाचे मूळ त्या जाणिवेत सापडते.

१८९५ मध्ये ‘द टाइम मशीन’ प्रसिद्ध झाली आणि पुढच्या तीन वर्षांत वेल्स इंग्लंडचा आघाडीचा लेखक बनला. १९०० मध्ये त्याने सँडगेट येथे समुद्रकाठी स्वतःचे घर बांधले. गिप आणि फ्रँक या मुलांचा जन्म तिथलाच. दुकानदाराच्या तळघरातील अंधाऱ्या स्वयंपाकघरात बालपण काढलेल्या या बापाने आपल्या मुलांना खेळायला ऐसपैस जागा दिली आणि स्वतःही त्यांच्यासोबत जमिनीवर बसकण मारली. १९०३ मध्ये लिहिलेल्या एका कथेत त्याने गिप नावाच्या मुलाला जादूच्या दुकानात नेले आहे. तिथून घरी आणलेले शिशाचे सैनिक एक शब्द उच्चारताच जिवंत होतात, असे तो मुलगा बापाला सांगतो.

हे सैनिक येत कुठून? एकोणिसाव्या शतकात खेळण्यातील सैनिकांच्या धंद्यावर जर्मन कारखान्यांचे वर्चस्व होते. त्यांचे भरीव सैनिक वजनाला जड आणि किमतीला महाग असत. लंडनमध्ये चावीची खेळणी बनवणाऱ्या ब्रिटन कुटुंबातील धाकट्या विल्यम ब्रिटनने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाची युक्ती काढली. साच्यात वितळलेला शिशाचा मिश्रधातू ओतायचा, साच्याला टेकलेला बाहेरचा थर गोठू द्यायचा आणि आतला पातळ धातू लगेच परत ओतून घ्यायचा. हाती उरे तो सुबक, पोकळ आणि हलका सैनिक. धातू कमी लागे, म्हणून किंमतही उतरली. साधारण ५४ मिलिमीटर उंचीचे, खऱ्या पलटणींच्या गणवेशात रंगवलेले हे सैनिक मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. त्यांत हिंदुस्थानी फौजेतील पलटणीही होत्या. बॉम्बे लान्सर्सचे स्वारही पेटीत मिळत. याच कंपनीने स्प्रिंगच्या जोरावर लाकडी गोळा फेकणारी छोटी तोफ बाजारात आणली. नऊ यार्डांवरून दहापैकी नऊ वेळा सैनिक टिपता येई, असा त्या तोफेचा लौकिक वेल्सने पुढे आपल्या पुस्तकात नोंदवला.

एके दिवशी सँडगेटच्या घरी जेवणानंतर एक पाहुणा मुलांच्या टेबलाशी बसला, त्याने ती तोफ भरली आणि नेम धरून एक सैनिक पाडला. वेल्सने त्याची केवळ आद्याक्षरे दिली आहेत. तो विनोदी लेखक जेरोम के. जेरोम असल्याचे मानले जाते. पाहुण्याने यजमानाला आव्हान दिले आणि दोन प्रौढ लेखक लढाईला लागले. ज्ञानकोशाचे जाडजूड खंड मांडून जमिनीवर मुलूख तयार झाला. नुसती नेमबाजी पुरेनाशी झाली, तेव्हा नियमांची गरज भासू लागली. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धातून परतलेल्या एका कॅप्टनचा सल्लाही या कामी उपयोगी पडला.

नियम साधे होते. दोन्ही फौजा तुल्यबळ असाव्यात. मांडणी करताना मध्ये पडदा धरावा, म्हणजे शत्रूचा बेत कळणार नाही. एका खेळीत पायदळाने एक फूट आणि घोडदळाने दोन फूट सरकावे. तोफेजवळ किमान चार सैनिक असले तरच ती चालवता यावी. प्रत्येक खेळीला घड्याळ लावावे, म्हणजे सेनापतीला गोंधळायला पुरेशी संधी मिळते! हातघाईत दोन्हीकडचे सैनिक एकास एक पडावेत. पुस्तकात वेल्सने एका लढाईचा वृत्तांत निवृत्त सेनापतीच्या थाटात रंगवला आहे आणि त्याच्या पत्नीने, जेनने, टिपलेली छायाचित्रे त्यासोबत छापली आहेत.

प्रशियाच्या सैन्यात युद्धखेळ १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरला जात होता. वेल्सचा हेतू नेमका उलटा होता. हा खेळ तीन-चार वेळा खेळला की खरे युद्ध किती आंधळे आणि अडाणी असते हे कोणालाही उमगेल, असे त्याचे म्हणणे होते. लढाईची हौस असलेल्या सम्राटांना आणि सेनापतींना एका खोलीत खेळणी देऊन बसवावे आणि बाकीच्यांनी आपापल्या कामाला लागावे, अशी त्याची सूचना होती. विनोदामागे भीती होती. १९०३ मध्ये त्याने एका कथेत चिलखती वाहनांची लढाई वर्णन केली होती; खरे रणगाडे १९१६ मध्ये सोमच्या रणांगणावर उतरले. १९०८ मध्ये त्याने विमानांनी बेचिराख केलेली शहरे रंगवली. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’मध्ये तर अणुबाँब होते.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले आणि येणारा अनर्थ इतक्या स्पष्टपणे पाहिलेला हा माणूस वाहवत गेला. काही दिवसांतच त्याने लेखांचा सपाटा लावला. जर्मन लष्करशाही मोडली की युद्धेच संपतील, असा त्याचा दावा होता. हे युद्ध म्हणजे सर्व युद्धांचा शेवट करणारे युद्ध, ही कल्पना लोकांच्या तोंडी बसली ती त्याच्या पुस्तकामुळे. १९१८ मध्ये काही काळ त्याने सरकारी प्रचारखात्यातही काम केले. तोवर खंदकांतून तरुणांची एक पिढी कापली गेली होती. जमिनीवरच्या खेळात एकास एक पडणाऱ्या सैनिकांचे गणित आता लाखांच्या घरात गेले होते, आणि सेनापतींच्या हाती घड्याळ नव्हते.

युद्धानंतर जनमत इतके पालटले, की ब्रिटन कंपनीने १९२० च्या दशकाच्या आरंभी सैनिकांच्या जोडीला शिशाच्या गाई, कोंबड्या आणि शेतकरी विकायला काढले. वेल्सनेही वाट बदलली. १९२० मध्ये त्याने साऱ्या मानवजातीचा एकत्रित इतिहास लिहिला. राष्ट्राभिमानाचे विष शाळेतल्या इतिहासातून भिनते, तर इतिहासच जगाचा म्हणून शिकवावा, हा त्यामागचा विचार. तो लेनिनला भेटला, १९३४ मध्ये रूझवेल्ट आणि स्टालिन यांना भेटला. जगाला एक सरकार आणि एक कायदा हवा, हे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. खेळाचे नियम लिहिणारा माणूस आता जगासाठी नियम लिहू पाहत होता. १९४० मध्ये त्याने मानवी हक्कांचा मसुदा पुढे मांडला. महात्मा गांधींना विचारणा झाली, तेव्हा त्यांनी हक्कांआधी कर्तव्यांची सनद तयार करावी, असे सुचवले.

लंडनवर जर्मन बाँब पडत असताना वेल्स रीजंट्स पार्कजवळच्या आपल्या घरातून हलला नाही. १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा तो आजारी होता. साखळी अभिक्रियेची कल्पना ज्याला प्रथम सुचली, त्या लिओ झिलार्डने १९३२ मध्ये वेल्सची ती कादंबरी वाचलेली होती. वर्षभराने, १३ ऑगस्ट १९४६ रोजी वेल्सचे निधन झाले. त्याचे अखेरचे लेखन मानवजातीविषयीच्या निराशेने काळवंडलेले आहे.

खेळ मात्र टिकला. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोनच्या पुस्तकाने ब्रिटनमध्ये या छंदाला नवी उभारी दिली. अमेरिकेत मूर्तींच्या युद्धखेळांतूनच १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ जन्माला आला. त्याचा एक निर्माता गॅरी गायगॅक्स याने २००४ मध्ये ‘लिटल वॉर्स’च्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. १९७५ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘गेम्स वर्कशॉप’ने १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ आणला आणि चिमुकल्या मूर्तींचा मोठा उद्योग उभा राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात दाखल झाली. शिशाची जागा प्लॅस्टिकने घेतली आणि गणवेशांच्या जागी राक्षस व अंतराळवीर आले.

युद्धे थांबवण्याचे वेल्सचे सारे मोठे आराखडे कागदावर राहिले. गंमत म्हणून लिहिलेले पुस्तक तेवढे शंभर वर्षांनंतरही खेळले जाते. त्यातल्या लढाईत पडलेले सैनिक संध्याकाळी उचलून पेटीत ठेवता येतात आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उभे राहतात. त्याला जगाला दाखवायचा होता तो एवढाच फरक.