इंदूरच्या मातीचा विद्यार्थी : सर अल्बर्ट हॉवर्ड

इंदूरचे नाव निघाले की मराठी मनाला पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे स्मरण होते. परंतु देशोदेशींच्या शेतीशास्त्रात हे नाव आणखी एका कारणाने रूढ झाले आहे. शेतातील काडीकचऱ्यापासून कसदार खत तयार करण्याची ‘इंदूर पद्धती’ ज्यांनी जगाला दिली, ते सर अल्बर्ट हॉवर्ड जन्माने इंग्रज होते. मात्र त्यांच्या विद्येचे खरे गुरुकुल भारतीय शेतकऱ्याचे शेत हेच होय.

१८७३ साली इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. केंब्रिज येथे शिक्षण घेतल्यावर काही वर्षे त्यांनी वेस्ट इंडीज बेटांत पिकांच्या रोगांचा अभ्यास केला. तेथेच त्यांना आपल्या विद्येतील उणीव जाणवली. प्रयोगशाळेत बसून रोगांवर उपाय सुचवायचे, पण ते स्वतः करून पाहण्यास हाताशी शेत नाही, ही स्थिती त्यांना सलू लागली.

१९०५ साली बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषी संशोधन संस्थेत त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी स्वतंत्र जमीन मागून घेतली आणि बैलजोड्या ठेवल्या. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके कोणत्याही औषधाशिवाय निकोप वाढतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मग या उच्चविद्याविभूषित शास्त्रज्ञाने त्या शेतकऱ्यांनाच गुरू केले. कीड आणि रोग यांनाही ते शिक्षकच मानीत. कारण जमिनीची निगा कोठे चुकली, हे तेच दाखवून देतात, अशी त्यांची धारणा होती.

या कार्यात त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांचा वाटा बरोबरीचा होता. त्या स्वतः केंब्रिजच्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. या दांपत्याने निवड व संकर यांच्या साहाय्याने सिद्ध केलेले ‘पुसा’ गहू उत्तर भारतात दूरवर पसरले. परंतु केवळ सुधारित बियाण्याने शेती सुधारत नाही; जमिनीचा कस टिकला नाही तर उत्तम बियाणेही व्यर्थ, या निष्कर्षाप्रत दोघे आले. शिवाय संशोधन संस्थांत रसायन, वनस्पती, कीटक असे विभाग परस्परांपासून अलग काम करीत. शेतातले पीक मात्र अखंड असते. या विभागणीतून सुटण्यासाठी त्यांना निराळी संस्था हवी होती.

ती १९२४ साली इंदूर येथे उभी राहिली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने आणि मध्य भारतातील काही संस्थानांनी द्रव्यसाहाय्य केले. तेथील मजुरांना वेळेवर वेतन, ठरावीक तासांचे काम आणि औषधपाण्याची सोय होती. माती सुधारायची तर ती कसणाऱ्या माणसाची आबाळ होता कामा नये, हे हॉवर्ड जाणून होते.

माळव्यात शेणाच्या गोवऱ्या चुलीत जात आणि पऱ्हाट्या जाळल्या जात. जमिनीने दिलेले जमिनीला परत मिळत नसे. हॉवर्डांनी यावर सोपा उपाय योजला. टणक पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या. त्यांत पालापाचोळा मिसळायचा. उथळ खड्ड्यांत त्याचे, शेणाचे, गोठ्यातील मूत्राने भिजलेल्या मातीचे आणि राखेचे थर रचायचे. पाणी शिंपडायचे आणि तीनदा खालीवर करायचे. सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार होई. पैसा लागत नसे. श्रम आणि नियमितपणा मात्र लागे. चीनमधील शेतकऱ्यांची प्राचीन वहिवाट, भारतीय शेतकऱ्याचा अनुभव आणि आधुनिक रसायनशास्त्र यांचा हा संगम होता. त्यातील रसायनशास्त्राची बाजू यशवंत वाड यांनी सांभाळली. १९३१ साली या पद्धतीवर प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथावर हॉवर्डांच्या जोडीने वाडांचेही नाव आहे. आज ते फारसे कोणास आठवत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

१९३० साली गॅब्रिएल निवर्तल्या आणि पुढील वर्षी हॉवर्ड सेवानिवृत्त होऊन मायदेशी परतले. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. तथापि रासायनिक खतांवरील त्यांच्या टीकेमुळे अनेक शास्त्रज्ञ त्यांच्या विरोधात गेले. त्यांची सगळीच मते शास्त्राच्या कसोटीस उतरली असेही नाही. परंतु १९४० सालच्या त्यांच्या ग्रंथातून इंग्लंड-अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या चळवळीला मोठी प्रेरणा मिळाली. १९४७ च्या ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले.

इंदूरच्या त्या जागेवर पुढे कृषी महाविद्यालय नांदू लागले. २०१७ पासून अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिले आलेल्या इंदूर शहराने ओल्या कचऱ्याचे खत करण्याचा परिपाठ ठेवला, हा योगायोगही अर्थपूर्ण आहे. आज विद्यापीठांपाशी जमीन आहे, विद्या आहे. कुंपणापलीकडच्या गावापाशी पिढ्यांचा अनुभव आहे. कुंपण ओलांडून शेतकऱ्यापाशी विद्यार्थी म्हणून बसण्याची नम्रता हॉवर्डांपाशी होती, म्हणूनच झिजलेली माती पुन्हा सजीव करण्याची विद्या त्यांच्या हाती आली.

आपण मराठी माणसेही उदरनिर्वाहासाठी दूरच्या प्रांतात येऊन राहिलो. जिचे अन्न खातो त्या भूमीचे ऋण फेडावे, ही शिकवण आपल्याला नवी नाही. ते ऋण कसे फेडावे, हे मात्र या परदेशी माणसाच्या चरित्रातून आपण अवश्य शिकावे.